गेटाजवळचं पाळणाघर

सुखाच्या नोकरीत किस्से साठत नाहीत. माझी बहीण करमाळ्याला शाळेत शिकवायची. तिला विचारलं तर दोन सांगेल, तेही इन्स्पेक्टरचे. मी सोलापूरच्या एका मिलमध्ये पाळणाघराची बाई होते, तर माझ्याकडे पोतंभर आहेत. बहीण म्हणते, "अगं, जरा हसत सांग." मी हसतच सुरुवात करते. पुढे आवाज चढतो, त्याला माझा इलाज नाही.

* * *

पहिला किस्सा जागेचा. सगळं दुखणं तिथलंच.

कामाला येणाऱ्या बायकांच्या तान्ह्या मुलांसाठी मिलमध्ये पाळणाघर करावं, असं मालकांच्या मनात आलं. ते कुठं बांधायचं हे ठरवायला ऑफिसात मीटिंग भरली. टेबलाभोवती मॅनेजरसाहेब, हेडक्लार्क दत्तोपंत आणि दोन खात्यांचे मास्तर. मी दाईचा कोर्स करून नुकतीच लागलेली, म्हणून भिंतीशी उभी. मूल पाजलेली बाई त्या खोलीत एकही नव्हती. मॅनेजरसाहेबांचं तर लग्नसुद्धा व्हायचं होतं!

बहुतेक बायका कांडी खात्यात. सुताच्या लडी सोडवून कांड्या भरायच्या, मग त्या मागावर जायच्या. हे खातं मिलच्या पार मागच्या टोकाला. त्याला लागूनच मोडक्या पेट्या टाकायची एक खोली होती. मी म्हटलं, "साहेब, ती खोली मोकळी केली तर आयांना मधेच येऊन पाजता येईल."

दत्तोपंत म्हणाले, "तिथं कसली हवा? मेन गेटाजवळ बाग आहे. पाहुणे आत आले की पहिलं पाळणाघरच नजरेस पडेल."

"हवा मिळेल हो. पण दूध कोण आणून देणार?"

"बाई, तुम्ही मुलं सांभाळा. जागा आम्ही सांभाळतो."

चहा यायच्या आत जागा ठरली.

* * *

पाळणाघर झालं देखणं. पांढरे पाळणे, भिंतीला हिरवा रंग, दारात गुलाब. फक्त मुलं नव्हती.

कांडी खात्यातून तिथं यायचं म्हणजे बॉयलर, कोळशाचे ढीग, रेल्वेचे रूळ आणि गाठींचं गोडाऊन ओलांडून यायचं. पाजायला सुट्टी मिळायची ती नायकिणीच्या मर्जीनं. नायकीण म्हणजे बायकांवरची मुकादम. आमच्या नायकिणीचं नाव साळूबाई. तिची मर्जी म्हणजे उन्हाळ्यातली सीना नदी.

तरी एक आली. गंगव्वा. अक्कलकोटकडची, घरात कानडी आणि बाहेर मराठी बोलणारी, नवरा मागावर. तिची मुलगी नीलव्वा जेमतेम मान धरायला लागलेली.

एके दिवशी मधल्या रुळांवर डबे उभे होते. ते हलेपर्यंत गंगव्वा पलीकडे उभी राहिली. मग धावत आली, मांडी घातली, पोरीला पदराखाली घेतलं, आणि भोंगा झाला. धरलेलं तोंड बोटानं सोडवून तिनं पोरगी माझ्या हातात दिली.

"काय गं, एक घोट तरी गेला का?"

"न्हाई बाई. नुसता वास दिलाय. आता वासावर ऱ्हाईल की."

माझं डोकं भणभणलं. मी तशीच उठून साळूबाईकडे गेले आणि म्हटलं, जरा जास्त वेळ सोडत जा की. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "माजी चार पोरं काय पाळन्यात वाडली व्हय?"

"मग कशी वाढली?"

साळूबाईचे हात कमरेवरून खाली आले. "दोन वाडली."

मी आल्या पावली परत फिरले.

* * *

दुसऱ्या दिवशी गंगव्वा आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. म्हणजे कामावर होती, पण मूल आणलं नव्हतं. संध्याकाळी मी तिच्या चाळीत गेले.

शेजारच्या म्हातारीकडे पाच-सहा मुलं एका सतरंजीवर ओळीनं झोपली होती. भर संध्याकाळी! चाळीत भांडणं चाललेली, बंब पेटलेले, आणि एक मूल कूस बदलेल तर शपथ. मी नीलव्वाचे डोळे उघडून बघितले. बाहुली सुईच्या टोकाएवढी. अफूची गोळी.

मी गंगव्वाला तिथंच फाडून खाल्लं. दाईच्या कोर्सात शिकलेलं सगळं तिच्या अंगावर ओतलं. गोळीनं भूक मरते, मूल वाळतं, एखाद्या दिवशी उठतच नाही. चाळ गोळा झाली.

तिनं सगळं ऐकून घेतलं. "गोळी दिल्याबिगर म्हातारी ठिवून घेत न्हाई. तिला सा पोरं सांबाळायची असत्यात." मग म्हणाली, "तुमी रागवा, बाई. रागवून झालं की सांगा, कुनाकडं ठिवू?"

घराजवळ गोळी, कामाजवळ जागा नाही, आणि गेटाजवळ गुलाब. मी म्हटलं, "माझ्याकडेच आण. मी बघते कसं ते." बघणार काय, कपाळ! गाईचं दूध पाणी घालून चमच्यानं पाजायची. अर्धं ती ओकायची. पण निदान डोळे उघडे असायचे.

* * *

मधल्या काळात बायकांनी आपली अक्कल चालवली. त्यांच्यात नरसम्मा नावाची एक तेलुगू बाई होती. तिच्या घरी हातमाग, आणि मागाशेजारीच आढ्याला पोराची झोळी. तिनं काय करावं? कांडी खात्यात कोपऱ्यातल्या खांबाला लुगड्याची झोळी बांधली. बघता बघता अशा तीन झोळ्या झाल्या.

दत्तोपंतांनी त्या सोडवल्या. "यंत्राजवळ मूल म्हणजे धोका. शिवाय कापसाची धूळ. छातीत जाते."

खोटं काहीच नव्हतं त्यात. मी मान डोलावली. पण नरसम्मा झोळीचं लुगडं घडी करत म्हणाली, "आमी पन हितंच श्वास घेतो की, सायेब."

"तुम्हाला त्याचा पगार मिळतो."

हे वाक्य मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. सांगताना तोंड कडू होतं.

* * *

आता पाहुण्यांचा किस्सा, यात बहीण हसते.

मुंबईहून बडे पाहुणे पाळणाघर बघायला येणार होते. पाळणे बारा आणि मूल एक, तेही वाळकं. दत्तोपंतांनी सकाळीच येऊन नीलव्वाला मागच्या खोलीत ठेवायला सांगितलं. मग क्लार्क लोकांच्या घरांतून टांगे भरून मुलं आली. लेसची टोपडी, काजळ, पायांत वाळे. एका पाळण्यात दत्तोपंतांचा स्वतःचा नातू. अडीच वर्षांचा. पाळण्यात मावेना, पाय बाहेर.

पाहुणे खूश. "कामगारांची मुलं इतकी बाळसेदार!"

तेवढ्यात नातू उठून बसला आणि दत्तोपंतांना म्हणाला, "आजोबा, घली कधी जायचं?"

मी मनात म्हटलं, आता बरी जिरली. पाहुण्यांतल्या एका बाईंनी पदर डोळ्याला लावला. "बघा, मुलांचा किती जीव आहे यांच्यावर. आजोबा म्हणतात!"

दत्तोपंतांनी हात जोडले. मागच्या खोलीतून रडण्याचा आवाज आला, तेव्हा ते म्हणाले, "मांजर आहे."

हसा. मला नाही येत.

* * *

पुढं पाळणाघर कांडी खात्याला लागून, त्याच मोडक्या पेट्यांच्या खोलीत आलं. साहेबांना दया आली, असं मिलमध्ये सांगतात. दत्तोपंत रिटायर होताना एकानं भाषणात त्यांचीच ती सूचना होती असंही सांगून टाकलं. मी तिथं हजर होते, म्हणून जे झालं ते सांगते.

त्या महिन्यात पांढऱ्या सुताच्या कांड्यांवर डाग दिसायला लागले. पिवळट, कडक. तेलाचे नव्हते. गोडाऊनमध्ये त्यांना मुंग्या लागल्या. माग खात्याच्या मास्तरांनी बोंब मारली, कारण धोतराचं पानच्या पान वाया जात होतं. दत्तोपंतांनी कांडी नाकाला लावली आणि निकाल दिला, "आंबूस आहे. बायका कामावर ताक पितात." झालं! ताकाला बंदी. साळूबाई दारात उभी राहून एकेकीची शिदोरी हुंगायची. डाग थांबले नाहीत.

शेवटी मॅनेजरसाहेब स्वतः खात्यात आले. बरोबर दत्तोपंत. मी नेमकी तेव्हाच तिथं पोचले, कारण नीलव्वानं सकाळपासून चमचा तोंडाला लावू दिला नव्हता आणि रडून रडून तिचा आवाज बसला होता. गंगव्वाला दोन मिनिटं सोडा, हे सांगायला मी आले होते.

साहेब गंगव्वासमोरच थांबले. तिच्या मांडीवर सुताची लड, लडीवर ओला डाग.

"हे कुणाचं काम?"

"माजं."

"ताक सांडलं?"

"न्हाई, सायेब."

साहेबांनी मान वर केली आणि मग त्यांना दिसलं. चोळी पुढून भिजली होती, लुगड्याचा काठ भिजला होता, थेंब अजून लडीवर पडत होता. तिचे दोन्ही हात सुतात गुंतलेले, तिला पदरही ओढता येईना. साहेब लाल झाले आणि खिडकीकडे बघायला लागले. आजूबाजूच्या बायकांचे हात थांबले. साळूबाईनं कुणाला हात चालव म्हटलं नाही.

बोलले दत्तोपंतच. "नियम तो नियम. माल खराब केला, दंड बसेल."

गंगव्वानं लड मांडीवरून उचलली आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरली.

"दंड घ्या की. पन ह्यातलं दूद माज्या पोरीचं हाय. तेवडं तिचं तिला गेटापत्तोर नेऊन द्या."