बिस्किट कुणाचं?

रेंटी ग्रिम्बॉलचं कौतुक माझ्यासमोर कुणी करू नये. सगळं चार्ल्स्टन शहर करतं, त्यात माझी भर नको. आम्ही दोघं एकाच तबेल्यातून खेचरांच्या गाड्या हाकायचो, पर्यटकांना जुनी घरं दाखवायचो, आणि इतक्या वर्षांत असा एक दिवस गेला नाही की त्याला पाहून माझ्या पोटात दुखलं नाही.

रेंटी जेम्स बेटावरचा. बाप कोळंबीच्या होडीवर, आणि ह्याला भर बंदरात उभं केलं तरी बोट लागायची. शेवटी बापाने कंटाळून त्याला मिस कोराच्या तबेल्यात लीद काढायला लावलं. तिथून तो गाडीवर चढला तो चढलाच. गाइडच्या परीक्षेत दोनदा आपटला. मी पहिल्या झटक्यात पास. कुठलं घर कुणी बांधलं, कुठली भिंत भूकंपानंतरची, मला झोपेत विचारा. तरी फेरी संपली की लोक त्याच्या गळ्यात हात टाकून फोटो काढायचे, आणि मला विचारायचे, "बाई, बाथरूम कुठे आहे?"

कुणाची गाडी कुठल्या भागात जाणार हे आमच्या हातात नसतं. पालिकेच्या चौकीवर रंगीत चेंडूंचं यंत्र आहे. ज्या रंगाचा चेंडू पडेल तो रस्ता. समुद्रकाठच्या बड्या घरांचा चेंडू पडावा म्हणून सगळे देवाला साकडं घालतात. तो नेहमी मला मिळायचा. रेंटीच्या नशिबी जुन्या तुरुंगाकडचा रस्ता. तरी त्याची गाडी हसत परत यायची आणि माझी जांभया देत.

जेवायचं कुठे, हे प्रत्येकजण विचारतो. मी चांगल्या हॉटेलांची नावं सांगायचे, खेकड्याचं सूप कुठलं, कोळंबी आणि मक्याच्या कण्या कुठल्या, सगळं. रेंटी म्हणायचा, "हॉटेलात कशाला मरता? कोंबडीची मान सुतळीला बांधा, ओहोटीला धक्क्यावर बसा. खेकड्याने धरली की हळूच ओढायची, सासूशी बोलतो तशी. जोर केला की गेलं!" दुसऱ्या दिवशी तीच माणसं उन्हाने लालबुंद होऊन, बादली घेऊन, त्याला खेकडे दाखवायला तबेल्यात हजर. माझ्याकडे बादली घेऊन कधी कुणी आलं नाही.

पण हेही मी गिळलं असतं. बिस्किटचं मात्र गिळता येईना.

बिस्किट म्हणजे आमचं खेचर. तांबूस, लांब कानांचं, महा हट्टी. एक दिवस ते रेंटीच्या गाडीला, एक दिवस माझ्या. त्याचे खूर मी साफ करायचे. त्याचं पोट फुगलं तेव्हा दोरी धरून अंगणात त्याला फिरवणारी मीच. आणि रेंटी नुसता दारात दिसला की ते मान वर करून असं रेकायचं की जणू आई आली. कष्ट माझे आणि लाड त्याचे!

चौकीच्या पुढच्या वळणावर, जिथून सगळ्याच गाड्या जातात, निळ्या दाराचं घर आहे. तिथे गाडी थांबवून रेंटी एक गोष्ट सांगायचा. कप्तान समुद्रात हरवतो, बायको रोज खिडकीत दिवा लावते. वर्षं जातात. एका वादळी संध्याकाळी दार वाजतं. कप्तान उभा, नखशिखांत भिजलेला. इथे रेंटी गप्प बसायचा, लोक श्वास रोखायचे. मग तो म्हणायचा, "आणि ती म्हणाली, आधी पाय पुस!" हशा पिकायचा, आणि गोष्ट संपली हे ओळखून बिस्किट आपोआप चालू लागायचं.

सगळं धादांत खोटं. ते घर एका छत्रीवाल्याचं. मी माझ्या फेरीत छत्रीवाला सांगायचे, तारखांसकट, आणि बिस्किट हलायचं नाही. मी लगाम हलवते, चुचकारते, मागे मोटारी भोंगे वाजवतात. एकदा तर भर रस्त्यात त्याने मुतून घेतलं. नियमाप्रमाणे मी खूण म्हणून झेंडी टाकली, रस्ता धुणारी पाण्याची गाडी बोलावली, आणि खाली उतरून लगाम धरून त्याला ओढत नेलं.

"अगं मास्तरीणबाई," रेंटी तबेल्यात म्हणाला, "सांग की कप्तानाची गोष्ट. तुझं काय जातंय?"

"मी खोटं बोलणार नाही."

"बरं. मग ओढत बस."

गेल्या वसंतात बिस्किटच्या गुडघ्याने दगा दिला. मिस कोरा म्हणाली, ज्याच्याकडे कुरण असेल त्याने न्यावं. रेंटी लाँड्रीवरच्या एका खोलीत राहतो. माझ्याकडे वॉडमलॉ बेटावर वडिलांची जमीन आहे, गवत आहे, ओकची सावली आहे. खरं सांगते, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आता तरी ते माझं होईल, माझ्या आवाजाला कान टवकारेल, एवढंच मला हवं होतं.

न्यायच्या दिवशी रेंटी उकडलेल्या शेंगांची पुडी घेऊन आला. त्याने बिस्किटच्या मानेवर कपाळ टेकलं. मी मुद्दाम ट्रेलरच्या कड्या तपासत राहिले.

"त्याला उतरवताना घाई करू नकोस," तो म्हणाला.

"मला माहीत आहे."

"हो, तुला सगळंच माहीत असतं." पण या वेळी त्याला हसता आलं नाही.

घरी पोचले, ट्रेलरचं दार उघडलं. बिस्किट ढिम्म. गाजर दाखवलं, रेंटीच्याच शेंगा दाखवल्या, शिव्या घातल्या. ऊन कलायला लागलं. अखेर मी ओरडले, "आधी पाय पुस!" कान हलला, पाय नाही. नुसत्या शेवटाला फसणारं ते खेचर नव्हतं.

मी आजूबाजूला पाहिलं. कुणी नव्हतं. मग गोष्ट पहिल्यापासून सांगितली. कप्तान, दिवा, वादळ, दारावरची थाप. रेंटी गप्प बसतो तिथे गप्प बसले. मेली शब्दन् शब्द पाठ होती मला. "आणि ती म्हणाली, आधी पाय पुस!"

बिस्किट फुरफुरलं आणि शांतपणे खाली उतरलं. मला ओलांडून थेट कुंपणाशी गेलं आणि रस्त्याकडे तोंड करून उभं राहिलं. गोष्ट झाली म्हणजे गोष्टवाला इथेच कुठेतरी असणार, असा त्याचा हिशेब.

मला रडू आलं, रागानेच. हात चिखलाने भरलेले, म्हणून फोन ट्रेलरच्या काठावर ठेवून रेंटीला स्पीकरवर लावला.

"उतरलं का?" रेंटी हॅलोसुद्धा म्हणाला नाही.

"उतरलं."

"कसं गं?"

मी चिखलाचे हात गवताला पुसत राहिले. पलीकडे तो हसू दाबत होता, मला कळत होतं.

"रविवारी ये," मी म्हणाले. "आणि ऐक रेंटी, ते घर छत्रीवाल्याचंच होतं."

"असेल बाई, असेल. बिस्किटला मात्र सांगू नकोस."

रेंटीच्या आवाजात आपलं नाव ऐकताच बिस्किट वळलं. कान टवकारून, दुखरा पाय टेकत, कुरण तुडवत भराभर माझ्याकडे आलं. मी हात पुढे केला. ते हाताच्या बाजूने गेलं आणि फोनला नाक लावून उभं राहिलं.