फक्कीने आखलेली संख्यारेषा

सातवीच्या पोरांच्या गळी उणे संख्या काही केल्या उतरत नव्हत्या. दोन उणे एकत्र आले की अधिक होतं, हे मी घसा बसेपर्यंत सांगितलं. पोरं माना डोलवत आणि पेपरात मनाला येईल ते लिहीत. शेवटी माझंच डोकं सणकलं. खेळाच्या खोलीतली मैदान आखायची फक्की उचलली, पटांगणात लांबलचक संख्यारेषा मारली आणि सगळ्यांना बाहेर हाकललं. मधे शून्य. उणे म्हटलं की गर्रकन तोंड फिरवायचं आणि मगच पावलं टाकायची, एवढंच.

वर्गातल्या एका मुलीला गणित म्हटलं की कापरं भरायचं. रेषेवर उभी राहून तिने दोनदा गिरकी घेतली आणि किंचाळली, "मॅडम, दोनदा पलटलं का पुढंच जाणं होते! म्हणून अधिक!" मग ती अशी हसत सुटली की सगळा वर्ग हसायला लागला. पुढे ती मधल्या सुट्टीतही मला गाठायची, "अजून एक द्या ना मॅडम." एवढ्या नोकरीत माझ्याकडे कुणी आपण होऊन उदाहरण मागितलं नव्हतं. मी हवेत होते.

त्याच भरात मी पालकसभेला आलेल्यांना वर्गात न बसवता पटांगणातच उभं केलं. बघा म्हटलं, तुमची पोरं कशी शिकतात. पोरं गिरक्या घेत होती, एकमेकांच्या चुका काढून खिदळत होती. त्या मुलीचे वडील घरचा कापूस, तूर असलेले, पोरीला इंजिनिअर करायचंच असं ठरवून बसलेले. ते शेवटपर्यंत हाताची घडी घालून उभे होते. मला वाटलं, भारावलेत.

जाताना म्हणाले, "मॅडम, राग नका मानू. पण गणित शिकवून राह्यल्या का खेळवून राह्यल्या? आमच्या वेळी गणिताच्या तासाले कोणाची हूं का चूं करायची हिंमत नव्हती. हासत हासत कुठं गणित येते का?"

मी पुष्कळ समजावलं. तिनेही त्यांच्यापुढे दोन उदाहरणं धडाधड सोडवली. "येऊन राह्यलं ना बाबा मले," म्हणाली. पण पुढच्या वर्षी त्यांनी तिला दारव्ह्याच्या एका कडक शाळेत घातलं. त्यांना दोष तरी कसा देऊ? पोरीच्या काळजीनेच केलं त्यांनी. हळहळ मात्र जात नाही. जे दाखवून मी त्यांना खूश करायला निघाले होते, त्यानेच ती माझ्या वर्गातून गेली.

परवा बाजाराच्या दिवशी दारव्ह्याहून परतताना काळीपिवळी जीपमध्ये ती आणि तिचे वडील भेटले. ती नव्या गणवेशात, दप्तर मांडीवर घेऊन बसलेली. मी गमतीने विचारलं, "दोन उणे मिळून अधिक का गं होतं?"

"नियम आहे मॅडम," ती खाली बघत म्हणाली.

वडिलांचा चेहरा फुलला. "पाहा मॅडम, कशी सुधारली! आता गणिताच्या तासाले अजिबात हासत नाई."