लाल चिंधीचा टमाटा

गॅसवर टमाटा भाजताना त्याची साल तडकली, की आजही माझा हात थबकतो.

माझ्या लग्नानंतर माझा भाऊ पहिल्यांदाच जळगावहून देवपूरला, माझ्या सासरी आला होता. त्याला भाकरीसोबत टमाट्याची चटणी करावी म्हणून मी परसात गेले. चैत्र लागला होता, झाडं वाळत आली होती. एकाच झाडावर एक मोठा, चिरा पडलेला गावठी टमाटा उरला होता. देठाला लाल चिंधी होती. दृष्ट लागू नये म्हणून बांधली असेल, असं समजून मी तो तोडला, निखाऱ्यावर भाजला आणि लसूण-मिरचीसोबत पाट्यावर वाटला.

सासूबाई बाजारातून आल्या. त्यांना आम्ही अक्का म्हणायचो. चुलीजवळ पडलेली चिंधी त्यांनी उचलली.

"हाऊ बियाना व्हता वं," एवढंच बोलल्या.

ते वाण त्यांनी चाळीसगावकडच्या माहेराहून आणलेलं. दरसाल सगळ्यांत चांगलं एक फळ त्या चिंधी बांधून बियाण्यासाठी राखायच्या; घरात त्याचं दुसरं बी नव्हतं. मला कुणी सांगितलंच नव्हतं.

भाऊ "अजून वाढ" म्हणत होता आणि अक्का पाट्याला चिकटलेल्या बिया नखानं सोडवत होत्या. त्या त्यांनी राखेत घोळवून ठेवल्या, मृगात कुंडीत पेरल्या आणि दिवाळीपर्यंत रोज पाणी घातलं. मला वाटायचं, हे मला दाखवायलाच चाललंय.

एकदा न राहवून मी म्हटलं, "अक्का, भाजलेलं बी ते. नाही उगवायचं."

"माले माहीत शे," त्या म्हणाल्या, आणि उरलेला तांब्या कुंडीत ओतला.