शेलारची अँब्युलन्स

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मला बेंगळुरातच पोस्टिंग मिळालं. हेब्बाळच्या पुढे आमचं युनिट होतं आणि मी तिथल्या वर्कशॉपचा नायब सुभेदार, गाड्यांचा इलेक्ट्रिशियन. आमचं घराणं पिढ्यानपिढ्या इथलंच, त्यामुळे सगळ्यांनी अभिनंदन केलं. पण बायको आदल्याच वर्षी गेली होती आणि मुलगी लग्न होऊन परदेशात होती. शिवाजीनगरच्या बंद घराचं कुलूप उघडण्यापेक्षा मला बॅरेकच बरी वाटायची.

युनिटमध्ये मराठी बोलणारा दुसरा एकच, हवालदार तुकाराम शेलार. साताऱ्याकडचा, अँब्युलन्सचा ड्रायव्हर. पहिल्याच भेटीत म्हणाला, "साहेब, तुमची मराठी म्हंजे सांबारात बुडवलेली भाकरी." हवालदारानं सुभेदाराशी असं बोलायचं नसतं. मी मात्र पुष्कळ दिवसांनी हसलो, आणि तेव्हापासून संध्याकाळी आम्ही एकत्र बसू लागलो.

ॲन्युअल इन्स्पेक्शन जवळ आलं की फौजेला रंगाचं वेड लागतं. दगड, खांब, बादल्या, काही सुटत नाही. शेलारनं दोन दिवस अँब्युलन्सखाली पडून गाडीचा लोखंडी सांगाडा, म्हणजे चासी, काळी कुळकुळीत केली. इन्स्पेक्शनला आलेले जनरल साहेब त्या गाडीपाशी थांबले आणि म्हणाले, "वेल डन, ड्रायव्हर." शेलार आठवडाभर हवेत होता.

पुढच्या सोमवारी सकाळी फॉल-इनच्या रांगेत तो छाती धरून खाली बसला. डॉक्टरांनी पाहिलं. "हार्ट अटॅक. ताबडतोब हॉस्पिटल." त्याला त्याच्याच गाडीत घातलं. नाईक मुरुगननं स्टिअरिंग घेतलं, नर्सिंग असिस्टंट मागे बसला आणि कुणी सांगायच्या आत मी पुढे चढलो.

हेब्बाळ फ्लायओव्हरच्या चढावर, ऑफिसच्या गर्दीत, गाडीनं दोन आचके दिले आणि ती बंद पडली. मुरुगननं चावी फिरवली. नुसता 'कट' आवाज. डॅशबोर्डचे दिवे विझले. चावी सोडली की पुन्हा लख्ख.

मुरुगननं रेडिओ घेतला. "कंट्रोल, अँब्युलन्स ऑफ रोड. हेब्बाळ फ्लायओव्हर. दुसरी गाडी पाठवा. ओव्हर."

"वेट. आउट."

थांबायला वेळ नव्हता. दिवे लख्ख म्हणजे बॅटरीत जीव आहे. चावी फिरवताच ते विझतात म्हणजे वाटेत कुठेतरी करंट अडतोय. बॅटरीची दोन्ही टर्मिनल हलवून पाहिली, घट्ट होती. राहिली अर्थिंग, म्हणजे करंट परत यायची वाट. शेजारच्या रिक्षावाल्यानं काय झालं म्हणून विचारलं, "एनायितु सर?"

"स्वल्प जागा बिडी, अण्णा," मी म्हणालो. त्यानं रिक्षा मागे घेतली आणि मी गाडीखाली शिरलो.

अर्थची जाड पट्टी चासीला बोल्टनं बसवलेली असते. बोल्ट काढला. पट्टीखाली नवा काळा रंग होता. दुसरा कुणी वरून ब्रश फिरवून मोकळा झाला असता. शेलारनं पट्टी काढून खालची जागाही रंगवली होती आणि मग ती नीट परत बसवली होती. रंगातून करंट जात नाही. बोल्टच्या आट्यांवर इतके दिवस कसंबसं चाललं होतं. आज एसी, सायरन आणि दिवे सगळंच एकदम चालू होतं. स्क्रू-ड्रायव्हरनं रंग खरवडून लोखंड उघडं केलं आणि बोल्ट आवळला. पहिल्याच चावीला इंजिन सुरू झालं.

मी मागे शेलारजवळ बसलो. त्यानं मास्क बाजूला केला.

"काय हुतं वो, साहेब?"

"बॅटरीचं टर्मिनल ढिलं होतं."

"म्हंजे वर्कशॉपची चूक. तुमची."

"होय, माझीच. आता सुम्मने पड, बोलू नको."

तो हसला. स्वच्छ, सुटल्यासारखा हसला. हॉस्पिटलमध्ये पोचल्यावर तासाभरात गेला. तिथले डॉक्टर म्हणाले, "जरा आधी आणलं असतं तर..." आणि माझ्याकडे बघून थांबले.

चौकशी झाली. मी टर्मिनलच सांगितलं. माझ्या नावावर ताशेरा आला, तो घेतला. मग शेलारची बायको भावाला घेऊन सामान न्यायला आली. वहिनींनी विचारलं, "गाडी रस्त्यात बंद पडली म्हनं?"

"माझ्या वर्कशॉपची चूक, वहिनी."

मी पुढे केलेलं पाणी न घेता त्या उठल्या. त्यानंतर मी दोनदा फोन केला, त्यांनी उचलला नाही. बरोबरच होतं त्यांचं. नवऱ्याला ज्यानं मारलं त्याच्याशी काय बोलायचं?

आता मी रिटायर आहे, शिवाजीनगरच्या घरी एकटा असतो. शेलारची फार आठवण येते. वहिनी मागच्या वर्षी गेल्याचं कळलं, म्हणून आज हे लिहितोय. आता कुणाला लागायचं नाही.

हवालदार तुकाराम शेलार स्टिअरिंगवर असताना ती अँब्युलन्स रस्त्यात एकदाही बंद पडली नाही. तेवढं तरी वहिनींना सांगायला हवं होतं.