सौंसरचे नवे भंते आणि त्यांचा पिवळा रुमाल

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. हॉटेलची खोली घेताना चादर उलटून बघणाऱ्यांपैकी मी. त्यामुळे सौंसरहून मावशीचा फोन आला तेव्हा आनंद व्हायच्या आधी शंकाच आली.

"थायलंडचे भंते येऊन राहिले आपल्या विहारात," ती म्हणाली. "पाव्हणे म्हणून नाई, राहाले. त्यायले इंग्रजीच येते. तू ये चार दिवस, बोलाले कोणी नाई इथं."

सौंसरच्या त्या छोट्या विहाराची किल्ली मावशीकडे असते. रविवारी वंदना, एरवी कुलूप. तिथे कायमचे भंते यावेत म्हणून ती कितीतरी वर्षं समितीच्या मागे लागली होती. पण थायलंड सोडून कोणी सौंसरला कशाला येईल? कोणी पाठवलं, का पाठवलं? नागपूरहून रजा टाकून निघाले ती खरं तर ही चौकशी करायला.

भंते इटारसीकडून रेल्वेने पांढुर्ण्याला उतरणार होते. नागपूरहून सकाळच्या गाडीने पांढुर्णा दोन तासांच्या आसपास येतं. गाड्या थोड्या आहेत, वेळ बघूनच निघा. स्टेशनवर मावशीचे दीर, म्हणजे विहार समितीचे अध्यक्ष, हार घेऊन उभे होते. आम्ही त्यांना काकाजी म्हणतो. भंते उतरले तर काय, चोविसेक वर्षांचा सडपातळ मुलगा! नाव सुमनो. चीवर नीटनेटकं, खांद्याला भिक्षापात्राची झोळी आणि चेहऱ्यावर सगळ्यांसाठी एकच हसू. एवढं हसणाऱ्या माणसावर मी चटकन विश्वास ठेवत नाही.

स्टेशनबाहेरच्या टपरीवाल्याने चहा पुढे केला. भंतेंनी तो त्याच्या हातून घेतला, हे मी नीट पाहिलं. पण नंतर बसमध्ये मी पाण्याची बाटली पुढे केली, तेव्हा त्यांनी हात मागे घेतला आणि ती सीटवर ठेवायची खूण केली. मी ठेवली. त्यांनी ती तशीच राहू दिली.

पांढुर्णा ते सौंसर बसने तासाभराहून थोडं जास्त. डिसेंबरात हा रस्ता फार सुंदर दिसतो. संत्र्याच्या बागा लगडलेल्या, मध्ये कापसाची शेतं, वेचणाऱ्या बायांची रांग. मी फोटो काढत होते खरी, पण डोक्यात ती बाटली होती.

सौंसरला पोचायला साडेअकरा झाले. भंतेंना बारानंतर जेवण चालत नाही, त्यामुळे विहारात बाया ताटं घेऊन तयारच होत्या. पहिलं ताट मावशीचं: पोळी, वांग्याची भाजी, कोथिंबिरीची सांबारवडी, सोललेलं संत्रं. तिने दोन्ही हातांनी ते पुढे केलं. भंतेंनी झोळीतून पिवळा रुमाल काढला, आपल्यापुढे जमिनीवर पसरला आणि ताट त्यावर ठेवा, अशी खूण केली.

मावशीने ठेवलं. बाकीच्या बायांनीही ठेवलं. 

दुपारी मावशीच्या अंगणात त्याच बाया जमल्या.

"काहून बाई, हातचं घेत नाई का ते?" एकीने विचारलं.

त्यांच्यात इंग्रजी येणारी मी एकटी. विहार चाळीस पावलांवर. उठून विचारून येणं काही कठीण नव्हतं. पण मी काय केलं? टपरीची गोष्ट सांगितली. चहावाल्याच्या हातून घेतला, माझ्या हातून पाणी नाही घेतलं, आणि इथे रुमाल. सांगताना मला आपण फार हुशार आहोत असं वाटत होतं.

एक म्हातारी एवढंच म्हणाली, "माह्या मायच्या पदरात वाड्यावरचे असंच वरून टाकत होते." मग एकेक बाई उठून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी मी मोहगावला गेले. सौंसरहून जवळच आहे, जुनं महादेवाचं देऊळ बघण्यासारखं. स्टँडजवळ गरम आलूबोंडा आणि वरून तर्री, स्वस्त आणि झणझणीत. जाल तर चुकवू नका. चारच्या सुमारास परतले तर विहाराच्या पायरीवर भंते बसलेले, शेजारी धुतलेलं पात्र.

"जेवण झालं?" मी इंग्रजीत विचारलं.

"आज कोणी आलं नाही," ते म्हणाले. "कापसाचे दिवस आहेत, लोक शेतात असतील." आणि पुन्हा तेच हसू.

मी तडक काकाजींच्या घरी गेले. लोक शेतात नव्हते. ते काकाजींच्या ओसरीवर होते, आणि निर्णय झाला होता: उद्या सकाळी पांढुर्ण्याला नेऊन गाडीत बसवायचं. "धम्म सांगाले आला अन् आपलाच विटाळ धरून राहिला," काकाजी म्हणत होते. हे भंतेंना सांगायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

मी पायरीवर परत गेले आणि जे आदल्या दिवशीच विचारायला हवं होतं ते विचारलं. चहा हातून घेतला, मग आमचं ताट रुमालावर का?

ते गोंधळले. "चहा देणारा पुरुष होता. बाईच्या हातून आम्ही थेट घेत नाही. आमच्याकडे हा भिक्खूंचा नियम आहे, कोणीही बाई असो." जरा थांबून म्हणाले, "निघताना आईने लोकरीची टोपी दिली, तीसुद्धा रुमालावरच. तिला माझा हात धरायचा होता."

पहिल्यांदाच ते हसले नाहीत. मला माझी लाज वाटली.

मी मावशीला सगळं सांगितलं, माझी चहाडीसुद्धा. ती रागावली नाही, किल्ल्या कमरेला खोचून उठली. सकाळी बाया आणि समिती दोघांनाही तिने विहारात आणलं, मला मधे बसवलं.

"सांग त्यायले," ती म्हणाली. "तुमचा नेम तुमच्यापाशी, आम्ही तोडाले लावत नाई. पण इथं कपडा पसरला का आमच्या काळजात काय होते, ते तुम्हाले ठाव नाई. बाईचं कपड्यावर अन् माणसाचं हातात, हे या विहारात चालणार नाई. ठेवाचं तर सगळ्यायचंच कपड्यावर ठेवा."

मी एकेक वाक्य सांगितलं. पदरात वरून टाकण्याचा अर्थही सांगितला. तो ऐकताना भंतेंचा चेहरा उतरला. त्यांनी मान खाली घातली. मग हात जोडले, रुमाल पसरला आणि काकाजींकडे पाहिलं.

काकाजींच्या हातात केळी होती. "मी कायले ठेवू खाली? माह्या हातचं तर चालते न!"

"ठेवा, भाऊजी," मावशी म्हणाली.

काकाजी वाकले. केळी ठेवली. सरळ उभे राहिले तेव्हा हात कुठे ठेवावा हे त्यांना कळेना.

"कसं वाटलं?" मावशीने विचारलं.

काकाजी बाजूला सरकले. पांढुर्ण्याच्या गाडीचं नाव त्यांनी काढलं नाही. मागून बाया एकेक ताट घेऊन पुढे आल्या, बाराला अजून वेळ होता.

मी दुपारच्या बसने सावनेरमार्गे नागपूरला आले. दोन तासांचा रस्ता, बसेस भरपूर. सोबत मावशीने दिलेली संत्र्यांची पिशवी होती. आता मावशी दर आठवड्याला फोन करते. विहार रोज उघडतो. भंते "काहून" म्हणायला शिकले. काकाजी आता न सांगता रुमालावर ठेवतात, तरी ठेवताना इकडेतिकडे बघतात म्हणे.

परवा मी विचारलं, "त्या दिवशी ते उपाशी राहिले ते कोणामुळे, हे त्यांना सांगितलंस का गं?"

"नाई," मावशी म्हणाली. "ते अजून कापसाचेच दिवस समजून राहिले. माह्यानं नाई सांगणं होत. तूच ये अन् सांग."

पांढुर्णा, सौंसर, मोहगाव, कोणी विचारलं तर सगळं तोंडपाठ सांगते. या रविवारीही बस होती. मी गेले नाही.