आधी इन्व्हर्टर, मग दर

सिडकोतल्या त्या काकांचं नाव मी कधी विचारलंच नाही. घरातल्या काचेच्या टाकीत ते समुद्री प्रवाळ वाढवायचे आणि त्याचे तुकडे माझ्यासारख्या हौशी लोकांना विकायचे. दर विचारला की ओले हात बनियनला पुसत म्हणायचे, "घरी इन्व्हर्टर हाय का?"

असला, तर दर निम्म्यावर यायचा. नसलेल्याला असा आकडा सांगायचे, की तो हात जोडून निघायचा.

"काका, हा कुठला हिशोब?" मी एकदा विचारलं.

"लाइट गेली की पंप बंद. पंप बंद, की हे जीव गेले. उद्या माझं समदं मेलं, तर बियाणं कुणाच्या घरून आणू?"

परवा बऱ्याच वर्षांनी गेलो. टाकी जागेवरच होती, पण तिच्यात नळाचं पाणी साठवलेलं. एका उन्हाळ्यात दिवसभर लाइट गेली, त्यात इन्व्हर्टरही जळाला, म्हणाले.

"तुमचं हिरवं प्रवाळ माझ्याकडं लई वाढलंय," मी म्हणालो.

त्यांनी टाकीकडं बघितलं. "काय दर लावशील?"

"घरी इन्व्हर्टर हाय का?"

काका आतून बादली घेऊन आले आणि टाकी रिकामी करायला लागले.