ट्रेलरमधली विहीर

नऊ नोव्हेंबर, रविवार. लातूरला नणंदेच्या स्वयंपाकघरात बसून मी प्रश्नांच्या चिठ्ठ्या कापत होते. नणंद म्हणजे अक्का, माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, शाळेतून निवृत्त झालेली. ओट्यापाशी ती मुरमुऱ्यांचा सुशीला परतत होती आणि मान वळवून चिठ्ठ्या वाचायला बघत होती.

"अक्का, तिकडं बघा. करपंल."

"मला काय गरज हाय बघायची? सगळं येतंय मला."

आम्ही नऊ जणी, पाच नांदेडच्या, चार लातूरच्या. दोन महिन्यांतून एकदा जमतो, एकदा इथे, एकदा तिथे. आधी सगळ्यांनी एक सिनेमा आपापल्या गावात बघायचा आणि मग त्यावर प्रश्नांची चढाओढ करायची. चार जोड्या, प्रत्येकीत एक नांदेडची, एक लातूरची. नांदेडच्या पाचींतून जिच्या नावाची चिठ्ठी निघते ती प्रश्न काढते. या खेपेला माझी निघाली होती.

आणि मी सिनेमा बघितला नव्हता.

गेले वर्षभर माझं हेच चाललं होतं. या सिनेमाच्याच तीन मिनिटांच्या ट्रेलरमध्ये मुलगी बसची कंडक्टर होते, नवरा सोडून जातो, डेपोत भांडण होतं, ती पैशांची चामडी बॅग विहिरीत फेकते आणि रडते. मग अडीच तास खुर्चीत बसून आणखी काय बघायचं? मी ट्रेलर पाच वेळा बघितला, दोन मुलाखती ऐकल्या, वीस प्रश्न काढले. याआधी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

अक्काचं उलटं. ती ट्रेलर बघत नाही. थेटरात ट्रेलर सुरू झाले की डोळे मिटून, कानांत बोटं घालून 'ॐ नमः शिवाय' पुटपुटते. शेजारची माणसं बघतात. मी कधी सोबत असले तर ते संपल्यावर कोपरानं ढोसायचं, असा आमचा ठराव.

चारला खेळ सुरू झाला. नववा प्रश्न होता : नायिका आपली बॅग कुठे फेकते? तीन जोड्यांनी लिहिलं, विहिरीत. अक्काच्या कागदावर होतं, फेकत नाही.

"चूक," मी म्हणाले.

"चूक कशी? बॅग शेवटपर्यंत तिच्या खांद्यालाच असते की. म्हणून तर तो शेवट हाय."

"मी म्हणलं होतं विहिरीत लिवा," अक्काची जोडीदारीण म्हणाली. "ह्यांनी पेनच हिसकून घेतला."

"अक्का, आता वय झालं तुमचं," कुणीतरी हसत म्हणालं. "उद्या थेटरातून घराचा रस्ता इसरताल."

सगळ्या हसल्या. अक्काही हसली, पण जरा उशिरा. एका गुणानं ती जोडी हरली.

अक्काच्या आईला, म्हणजे माझ्या सासूबाईंना, शेवटची सहा वर्षं कुणी ओळखू येत नव्हतं. त्यांचं सगळं मीच केलं, त्यामुळे ते हसणं मला कळलं. त्यात महिनाभरात अक्काचं दूध दोनदा उतू गेलं होतं आणि एकदा ती भाजीवाल्याकडे पिशवी विसरून आली होती. हे तिनं मला फोनवर गंमत म्हणून सांगितलं होतं.

सहाच्या सुमाराला नांदेडच्या बायका गाडीत बसायला निघाल्या. चपला घालताना एकीनं माझ्या कानाशी तोंड आणलं.

"खरं सांगू? मी सिनेमा बघितलाच न्हाई. ट्रेलरवरच लिवलं. तुझे प्रश्नबी तिथलेच होते, बरं झालं बाई."

मी वळले. दुसरीला विचारलं, "तू थेटरात विहीर बघितलीस का?"

"हाव, बघितली की. का मोबाईलवर बघितली? कुठंतरी बघितली."

गाडी गेली. मी मुक्कामाला राहणार होते. आत आले तर अक्का भावाशी, म्हणजे माझ्या नवऱ्याशी, फोनवर बोलत होती. "आईसारखं सुरू झालंय माझं. नसलेलं दिसतंय, असलेलं दिसंना." फोन ठेवला आणि स्कूटीची किल्ली माझ्यापुढे सरकवली. "ही घेऊन जा. कुठं निघाले तेच इसरले तर रस्त्यात काय करू?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण सांगायचं तरी काय? मी सिनेमा बघितलेला नाही, एवढंच. अक्का बरोबर आहे हे मला कुठे माहीत होतं? ट्रेलर पुन्हा लावला. विहीर होती, बॅग पडत होती, पाणी उडत होतं. मी ताटं घासली, घासलेली पुन्हा विसळली, गॅलरीत गेले, आत आले. अक्का म्हणाली, "एका जागी बस की गं. डोकं फिरायलंय माझं." मी बसले आणि परत उठले. बॅग खरोखरच विहिरीत पडत असली तर? मग 'आईसारखं सुरू झालंय' हे अक्काचं म्हणणंच खरं ठरणार होतं आणि ते तिला मलाच सांगावं लागणार होतं. नवऱ्यानं तोवर सोमवारी साडेचारची डॉक्टरांची वेळ घेतलीसुद्धा.

सकाळी बाजारात जाऊन येते म्हणून निघाले आणि सव्वानऊच्या खेळाला जाऊन बसले. थेटरात सहा माणसं होती. मी गोष्ट बघत नव्हते, बाईचा खांदा बघत होते. मध्यंतरानंतर विहीर आली. ती काठावर उभी राहिली, खाली बघितलं, बॅगेचा पट्टा नीट केला आणि चालू लागली. फेकण्याचा तुकडा सिनेमातून काढून टाकलेला होता. तरी मी उठले नाही. शेवटची पाटी पडेपर्यंत बॅग खांद्यालाच होती.

पायऱ्यांवर उभं राहून ग्रुपवर लिहिलं : नववा प्रश्न चुकला. अक्काचं उत्तर बरोबर. मी सिनेमा आज पहिल्यांदा बघितला, प्रश्न ट्रेलरवरून काढले होते.

लगेच एकीचं आलं, "म्हणजे तूबी!" दुसरीचं, "आता तुझी चिठ्ठीच काढून टाकू." ते वाचत न बसता मी अक्काला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे रात्रभर तुला ठाऊक होतं?"

"शंका होती."

"आणि मला तशीच तळमळत ठेवलीस? लाज न्हाई वाटली?" दहा मिनिटं ती बोलत होती, आवाज शाळेतल्यासारखा चढलेला. शेवटी म्हणाली, "त्या डॉक्टरला फोन कर आणि येत न्हाई म्हणून सांग."

"ते होणार नाही," मी म्हणाले. "दूध दोनदा उतू गेलंय, ते काही मी ट्रेलरमध्ये बघितलेलं नाही. चारला तयार राहा."

ती काहीतरी पुटपुटली आणि फोन ठेवून दिला. मी रिक्षाला हात केला.